दुसरी पाटी

पाटीमावशीच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हमखास गोंधळतो. न्हाणीघराच्या दारावर हातभर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘टपाल कचेरी’. आता तिथे कोण कशाला पत्र टाकेल? स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे जरा सरकवले तर खाली ‘काच कारखाना’ निघतो. खिडकीवर उन्हाला आडोसा म्हणून जो पत्रा ठोकलाय तो ‘परिचारिका वसतिगृह’, आणि सायकल भिजू नये म्हणून तिच्या डोक्यावर ‘टेलिफोन भवन’. पाण्याच्या पिंपावर झाकण होतं तीही एक पाटीच, पण ती पालथी. तिची अक्षरं खाली, पाण्याकडे तोंड करून. ती कित्येक वर्षांत कुणी वाचलेली नव्हती.

मावशीचा नवरा बस चालवतो आणि त्याच्या जिभेला हाड नाही. पाहुणे दिसले की तो सुरू होतो, “आमच्या घरात सगळे हरलेले संघ राहतात बरं का. मला वाटलं, लग्नात हिने मला जिंकून आणलं. पण बघा, मलाही कुठे ना कुठे टांगलंच!”

त्यात हसण्यासारखं असलं तरी खोटं काही नाही. त्या पाट्या खरोखरच हरलेल्यांच्या आहेत. मावशी पाट्या रंगवते. दुकानांची नावं, डॉक्टरांच्या वेळा, ‘येथे वाहने लावू नयेत’, ‘कुत्र्यापासून सावध’. हे तिचं वर्षाचं पोट. पण उन्हाळा आला की ती सगळी कामं बाजूला सारते आणि शिडी खांद्यावर टाकून बर्फाच्या कारखान्याकडे निघते. कारण तिथे, कारखान्यामागच्या सिमेंटच्या मैदानावर, बायकांच्या बास्केटबॉलची स्पर्धा असते.

ही काही गल्लीतली साधीसुधी स्पर्धा नव्हे. बत्तीस संघ, सगळे कामावरच्या बायकांचे. कचेऱ्या, कारखाने, दवाखाने. पद्धत बाद फेरीची, म्हणजे एकदा हरलात की बूट सोडा आणि घरी जा. दुसरी संधी नाही, रडारड नाही. आणि बक्षीस रोख. तेही एवढं की संघातल्या दहा जणींत वाटलं तरी प्रत्येकीचं वर्षभराचं घरभाडं सुटावं. बर्फाचा मालक खर्चाला मागेपुढे बघत नाही. त्याचा हट्ट एकच: शेवटची शिट्टी वाजली की तिथल्या तिथे, घाम पुसायच्या आत, विजेत्या संघाचा फोटो काढायचा आणि त्यांच्या हातात त्यांच्या नावाची पाटी असायची. फोटो झाला की ती पाटी भिंतीवर, सगळ्यात वरच्या चौकटीत, वर्षभरासाठी चढायची.

आता मालकाला कोण सांगणार की ऑइलपेंट वाळायला दिवस लागतो! म्हणून मावशीच्या वडिलांनी एक तोड काढली होती. फायनलच्या आदल्या दिवशी दोन्ही संघांच्या पाट्या रंगवून ठेवायच्या. दोन्ही सारख्या. तेच अस्तर, तेवढेच हात, अक्षरांना तीच काळी सावली. जिंकतील त्यांची पाटी वर आणि हरतील त्यांची घरी. वडिलांचा हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश मावशीकडे आला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. एकोणीस उन्हाळे, एकोणीस हरलेल्या पाट्या. नवऱ्याने तक्रार तरी का करावी, घरातला अर्धा पत्रा फुकटचा आहे.

कारखान्याची लांब भिंत मैदानाच्या कडेलाच आहे. तिच्यावर मावशी बत्तीस नावं तळाला एकाशेजारी एक लिहिते आणि मग रोज संध्याकाळी शिडीवर चढून जिंकलेल्यांची नावं वरच्या रांगेत लिहीत जाते. सोळा, मग आठ, मग चार. सामना चालू असताना ती तिथेच असते, पण भिंतीकडे तोंड करून. एकोणीस वर्षांत तिने मागे वळून एक सामना बघितलेला नव्हता.

बघायची तिला गरजही नव्हती म्हणा. तिला सगळं ऐकू यायचं. उन्हात तापलेल्या सिमेंटवर चेंडूचा टप्पा कोरडा वाजतो आणि ऊन उतरलं की मऊ होतो. धावता धावता कुणी एकदम थांबलं की बूट करकरतात. त्या मैदानाच्या रिंगला दोऱ्यांची जाळी टिकत नाही, म्हणून लोखंडी साखळ्या लावल्यात. चेंडू नेमका आत गेला की त्या अशा छन्न वाजतात की मावशीच्या अंगावरून वारं जातं. ब्रश चालू असतो, हात टेकायची काठी भिंतीला लागलेली असते, आणि मावशी भलतीकडेच असते. तिला त्या आवाजांतून एक वेगळाच खेळ दिसतो. त्यात मैदानाला कड नसते, चेंडू वर गेला की बराच वेळ खाली येत नाही, आणि बायका पाण्यात पोहावं तशा सावकाश उडी मारतात. ती अशी तंद्रीत गेली की तिला पाच हाका माराव्या लागतात. सहाव्या हाकेला ती “हो” म्हणते, पण तो “हो” कुणाला असतो ते तिचं तिलाच ठाऊक.

लोक विचारायचे, “मावशी, बघत का नाहीस गं?” तर म्हणायची, “मी पांढऱ्या पायाची. मी बघितलं की चेंडू आत जात नाही.” लोकही हसून सोडून द्यायचे.

पण खरं कारण ते नव्हतं. आता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सव्वीस वर्षांपूर्वी मावशी स्वतः त्या मैदानावर फायनल खेळली होती. तेव्हा ती वीस वर्षांची, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची, आणि चित्त्यासारखी पळायची. शेवटचे काही सेकंद, छापखाना एका गुणाने मागे, आणि चेंडू तिच्या हातात. ती रिंगखाली होती. एकटी. समोर कुणी नाही, शेजारी कुणी नाही. एवढं मोकळं की तिला आपला श्वास ऐकू येत होता. तिथून डोळे मिटून टाकला असता तरी गेला असता. आणि तिने काय केलं, तर चेंडू मैत्रिणीला दिला. मैत्रिणीभोवती तिघी होत्या. चेंडू हिसकावला गेला, शिट्टी वाजली, संपलं.

त्यावर लोक काय म्हणाले माहितीये? म्हणाले, पोरगी किती मोठ्या मनाची! फायनलच्या शेवटच्या क्षणीसुद्धा स्वतःकडे मोठेपणा घेतला नाही! आणि ती काहीच बोलली नाही. भीतीने हात गार पडले होते, चेंडू निखाऱ्यासारखा वाटला म्हणून फेकून दिला, हे ती कुणाला सांगणार? तेव्हापासून ते कौतुक तिच्या गळ्यात अडकलंय, गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. पिंपावरची ती पालथी पाटी सांगितली ना, ती ‘छापखाना’.

आणि मग तिला मुलगी झाली. एकुलती एक. आईसारखीच लांब हातांची. मोठ्या दवाखान्याच्या धुलाई विभागात लागली. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी पिळायच्या, त्यामुळे मनगटं अशी की बाटलीचं बूच दोन बोटांनी उघडते. बाविसाव्या वर्षी विभागाच्या संघात घुसली आणि त्या उन्हाळ्यात ‘धुलाई विभाग’ जिंकतच सुटला. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. रोज संध्याकाळी मावशी शिडीवर एक पायरी वर चढून तेच नाव लिहायची. शुक्रवारी सेमीफायनल झाली. त्या दिवशी ‘धुलाई’ मधला ‘ध’ लिहिताना तिची काठी भिंतीवरून दोनदा घसरली.

त्या रात्रीच्या जेवणाला पोरीने विषय काढलाच.

“आई, फायनल तू बघायचीस.”

“अगं, मी तिथेच असते की.”

“असतेस आणि भिंत बघतेस. इस्त्रीची आई येते, ती गुडघे दुखतात म्हणून खुर्ची घेऊन येते. सगळ्यांच्या आया ओरडतात. माझ्या आईची मला पाठ पाठ झालीये.” इस्त्री म्हणजे तिची संघातली मैत्रीण, कामावर इस्त्री करते म्हणून ते नाव. “मी चौदा वर्षांची असल्यापासून खेळतेय. तू मला एकदा तरी बघितलंयस?”

“माझा पाय पांढरा आहे बाळा. उगाच कशाला...”

“पाय पांढरा असू दे नाहीतर हिरवा. तू ये.”

मावशी ताटात बघत राहिली. नवऱ्यालासुद्धा त्या वेळी काही विनोद सुचला नाही, म्हणजे बघा. पोरीचा हात शेवटच्या क्षणी आपल्यासारखाच गार पडला तर? ती चेंडू टाकून देताना आपल्याला दिसली तर? हे बघायला लागण्यापेक्षा मावशी जन्मभर भिंत बघायला तयार होती.

शनिवारी दोन पत्रे घेऊन ती मागच्या गच्चीवर बसली. दोन्हीला पांढरं अस्तर आधीच दिलेलं होतं. पहिली पाटी ‘धुलाई विभाग’. खडूची दोरी ताणली, टिचकी मारली, दोन सरळ रेघा उमटल्या. निळा रंग, दोन हात, मग प्रत्येक अक्षराला उजवीकडून काळी सावली. तिने आयुष्यात एवढी देखणी पाटी रंगवली नव्हती. अक्षरं पत्र्यावरून बोटभर वर उचलल्यासारखी दिसत होती.

मग तिने दुसरा पत्रा पुढ्यात घेतला. त्यावर ‘गोदी कामगार’ लिहायचं होतं. गोदीवर माल चढवणाऱ्या बायकांचा संघ, अंगापिंडाने धिप्पाड, त्यांची कप्तान क्रेन चालवते. मावशीने ब्रश बुडवला आणि हात उचलला. आणि तिची तंद्री लागली. त्या पांढऱ्या पत्र्यावर तिला मैदान दिसायला लागलं. पोरगी त्यात होती, सगळ्या जणी तिला खांद्यावर घेऊन हळूहळू चालत होत्या, साखळ्या आपोआप वाजत होत्या, आणि भिंतीवरची नावं एकेक करून खाली उतरून टाळ्या वाजवत होती. किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आली तेव्हा ऊन गच्चीवरून निघून गेलं होतं, ब्रशचे केस काठीसारखे कडक झाले होते, आणि पत्रा कोराच होता.

उद्या सकाळी करू, ती म्हणाली. सकाळी म्हणाली, आधी पाणी भरते. मग म्हणाली, आधी ब्रश धुते. आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. उगाच भोळी म्हणून तिला सोडून देऊ नका.

दुपारी पोरगी गच्चीवर वाळत घातलेले बूट घ्यायला आली आणि थांबली.

“आई, दुसरी पाटी कुठंय?”

“कुठली दुसरी?”

“आई!”

“करते गं. वेळ आहे.”

“पाचला सामना आहे. रंगाला दिवस लागतो हे तूच जगाला सांगत फिरतेस ना?”

“मग एक वर्ष नसली तर काय आभाळ कोसळतं? जिंकणार तर तुम्हीच आहात.”

मावशीला वाटलं, पोरगी खूश होईल. पोरगी लालबुंद झाली.

“आणि नाही जिंकलो तर? गोदीवाल्यांनी कोरा पत्रा धरून फोटो काढायचा? त्याही चार सामने मारून आल्यात आई, कुणी उचलून आणून ठेवलं नाही त्यांना. तुझी पाटी नसली म्हणून त्या काय गोदीत परत जाणार आहेत?” तिने बूट छातीशी धरले. “तुला मी हरलेली बघवत नाही म्हणून तू बघत नाहीस. आता पाटीही रंगवत नाहीस. म्हणजे तुला वाटतंच मी हरणार!”

“तसं नाही गं...”

“मग कसं?”

मावशीने धुतलेला ब्रश हातात घेतला. तिला एकदम वडील आठवले. त्या हरलेल्या संध्याकाळी तिने वडिलांना असंच फाडून खाल्लं होतं, “माझी फायनल असताना त्यांची पाटी रंगवायला तुमचा हात तरी कसा धजला?” वडील टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होते. म्हणाले, “कोण जिंकणार ते मला आधी कळलं असतं, तर एकच रंगवली असती की. एक पत्रा वाचला असता.” त्या उत्तराचा तिने वर्षभर राग धरला होता. आणि आता बघा, तीच कोरा पत्रा घेऊन बसली होती आणि तिची पोरगी तिला फैलावर घेत होती. बिचाऱ्या वडिलांनी त्या दोन सारख्या पाट्या कशा रंगवल्या असतील, हे तिला सव्वीस वर्षांनी कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“चल,” ती उठली. “तिथे जाऊन रंगवते.”

पण तिथे पोचल्यावर घोडं अडलं. भिंतीपाशी चार वाजता असं ऊन असतं की ओल्या रंगाला फोड येतात. सावली एकाच ठिकाणी: मैदानाच्या कडेला, ताडपत्रीखाली, गुण लिहिणाऱ्या मास्तरांच्या टेबलाशी. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, भूगोलाचे. गुणांची वही ते परीक्षेच्या पेपरसारखी जपायचे.

“या मावशी, बसा,” ते म्हणाले. “पण वहीवर रंग सांडलात तर गाठ माझ्याशी आहे.”

टेबलापलीकडे दहा पावलांवर मैदान होतं. समोर. मावशीने पत्रा मांडीवर आडवा घेतला, मान खाली घातली, आणि ठरवलं, वर बघायचं नाही. पोरीने बुटांच्या नाड्या बांधता बांधता एकदा तिच्याकडे बघितलं, आणि मैदानात उतरली.

सामना सुरू झाला. मावशीने रंग पातळ केला, लवकर वाळावा म्हणून. टप्प टप्प चेंडू, बुटांची करकर, कुणीतरी धपकन पडलं, लोक हो हो करून उठले. तिने ‘गो’ काढला. साखळ्या वाजल्या. कुणाकडच्या? डावीकडच्या, म्हणजे गोदीच्या. तिने ‘दी’ काढला. मास्तर गुण लिहिताना पुटपुटायचे, त्यावरून तिला कळायचं. धुलाई चारने मागे. धुलाई बरोबरीत. धुलाई दोनने पुढे. तिची छाती अशी धडधडत होती की काठी हलायची आणि अक्षराला बाक यायचा. मग ती थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा लावायची. मध्यंतराला अक्षरं भरून झाली. पण हात वाकडा पडू दिला नाही तिने. ‘गोदी’ तेवढीच ठसठशीत होती जेवढी घरून आणलेली ‘धुलाई’.

रंग जरा चिकटसर झाल्यावर शेवटच्या डावात तिने सावली घ्यायला सुरुवात केली. ‘गोदी’ला सावली लागली. ब्रश ‘कामगार’च्या ‘का’पाशी आला. ऊन उतरलं होतं आणि चेंडूचा टप्पा मऊ झाला होता. मास्तर पुटपुटले, “गोदी एकाने पुढे. वीस सेकंद.”

आणि मग आवाजच थांबले. खरंतर थांबले नसतील, एवढ्या लोकांत कसे थांबतील? पण मावशीला काहीच ऐकू येईना. टप्पा नाही, करकर नाही, मास्तर नाहीत. एकोणीस वर्षं ज्या आवाजांवर ती खेळ बघत आली ते सगळे एका फटक्यात निघून गेले, आणि त्या शांततेत तिला समजलं की चेंडू पोरीच्या हातात आहे. हे कसं समजलं ते मला विचारू नका. आईला समजतं.

तिने मान वर केली.

पोरगी रिंगच्या डाव्या बाजूला होती. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. क्रेनवाली तिच्याकडे धावत येत होती पण अजून लांब होती. पलीकडच्या कोपऱ्यात इस्त्री हात वर करून उभी होती, मोकळी. द्यायचा असता तर सहज देता आला असता. पोरीने इस्त्रीकडे बघितलं. मावशीने ते बघणं बघितलं, आणि तिचे स्वतःचे हात, सव्वीस वर्षांपूर्वीचे, गार पडले. मार, ती मनात म्हणाली. मार गं बाई, मार.

पोरीने गुडघे वाकवले आणि उडी मारली. ती वर गेली आणि मावशी शपथेवर सांगते की ती वरच राहिली. चेंडू हातातून सुटला, कारखान्याच्या भिंतीवरून गेला, बत्तीस नावांवरून गेला, सोळांवरून, आठांवरून, सावकाश. जन्मभर मनात बघितलं होतं तसंच होतं ते, फक्त या वेळी खरं होतं. चेंडू रिंगच्या कडेवर बसला. एक गिरकी घेतली. दुसरी घेतली. आणि बाहेर पडला.

शिट्टी वाजली आणि सगळे आवाज धबधब्यासारखे परत आले. गोदीवाल्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. पोरगी कमरेवर हात ठेवून रिंगकडे बघत उभी होती. मग ती वळली आणि तिने सरळ टेबलाकडे बघितलं. मावशी उभी होती. कधी उठली होती तिला माहीत नाही. ब्रशचा काळा थेंब मास्तरांच्या वहीवर, नेमका शेवटच्या गुणांशेजारी पडला होता, आणि मास्तर पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

“मावशी, पाटी!” बर्फाचा मालक कॅमेरावाल्याला घेऊन आला. त्याने पाटी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हे काय? अर्ध्याच अक्षरांना सावली?”

“हो.”

“बाकीची का नाही घेतली?”

“बघत होते,” मावशी म्हणाली.

मालक काही बोलणार तेवढ्यात क्रेनवालीने पाटी तळव्यांवर अलगद उचलली. “कडेने धरा गं, ओली आहे!” ती आपल्या पोरींवर ओरडली आणि मावशीकडे बघून हसली. फोटो निघाला. ती पाटी तशीच भिंतीवर चढली. ‘गोदी’ उठून दिसते आणि ‘कामगार’ भिंतीला चिकटल्यासारखं. मालकाने नंतर दोनदा सांगून पाहिलं, पण मावशीने तिला पुन्हा ब्रश लावला नाही.

घरी जाताना दोघींनी ‘धुलाई विभाग’ दोन टोकांनी धरली होती. रस्त्यावर दिवे लागत होते, दुकानांच्या पाट्यांवर, आणि त्यातल्या अर्ध्या मावशीच्याच हातच्या होत्या. पोरीचे डोळे सुजले होते.

“बघितलंस?” तिने विचारलं.

“सगळं नाही. शेवट बघितला.”

“नेमका तोच!” पोरगी रडता रडता हसली, मग पुन्हा रडली. “इस्त्री मोकळी होती आई. तिला द्यायला हवा होता. माझ्यामुळे सगळ्यांचं बक्षीस गेलं. तू असतीस तर दिला असतास. सगळे सांगतात, तू फायनलला स्वतः न मारता पास दिलास. माझं मन नाही बाई तुझ्याएवढं मोठं.”

मावशी थांबली. पाटीचं टोक तिच्या हातात होतं, त्यामुळे पोरीलाही थांबावं लागलं.

“माझं मन मोठं नव्हतं,” मावशी म्हणाली. “मी घाबरले होते.”

“काय?”

“रिंगखाली एकटी होते मी. समोर काळं कुत्रं नव्हतं. हात गार पडले आणि चेंडू टाकून दिला. जिला दिला तिला तिघींनी घेरलं होतं आणि मला ते दिसत होतं. हे तुझ्या बाबांना माहीत नाही. आजोबांनाही नव्हतं, भिंत रंगवताना त्यांची मैदानाकडे पाठ होती. तू तशी दिसशील म्हणून मी कधी बघत नव्हते गं. आठ वर्षं मी तुला तेवढ्यासाठी बघितलं नाही. आणि तू मारलास.”

“चुकला.”

“चुकू दे की! तू मारलास.”

पोरीने पाटीवरची आपली पकड जरा बदलली, पुढे सरकून आईच्या अंगाजवळ आली, आणि दोघी चालायला लागल्या.

घरी नवरा दारात उभा होता. बातमी त्याला बसमध्येच कळली होती. त्याने दोघींची तोंडं बघितली, पाटी हातातून घेतली आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारलं, “या नव्या पाहुण्यांना कुठे ठेवायचं?”

“पिंपावर,” पोरगी म्हणाली. ती आत गेली, पालथी पाटी तिने उचलली, ओली बाजू पदराने पुसावी तशी आपल्या सदऱ्याने पुसली, आणि दिव्याखाली धरली. पाण्याच्या वाफेने कडा गंजल्या होत्या, पण आजोबांची अक्षरं जागच्या जागी होती. तिने ती भिंतीला टेकवून सरळ उभी केली आणि पिंपावर ‘धुलाई विभाग’ ठेवली, अक्षरं वर करून.

मावशी दारातून बघत होती. मग आत आली आणि ‘छापखाना’समोर जमिनीवर बसली.